नकार देणारे नाव

अलाहाबादहून निघणाऱ्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत 1931-32 च्या खंडात तीन पानांचे एक गणिती टिपण छापून आले. लेखक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डहून शिकून आलेले आणि अलीगढच्या विद्यापीठात शिकवू लागलेले चोवीस वर्षांचे तरुण. विषय होता बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण. हा बुर्बाकी रशियन गणिती असून क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेला, असे कोसंबींनी सांगितले होते. प्रत्यक्षात असा गणिती कधी जन्मलाच नव्हता. ही कल्पना कोसंबींना सुचवली अलीगढच्या गणित विभागातल्या आंद्रे वेय या फ्रेंच सहकाऱ्याने. तो त्यांच्याहून वर्षभरानेच मोठा होता.

गणिताच्या छापील वाङ्मयात बुर्बाकी हे नाव पहिल्यांदा उमटले ते असे, भारतात आणि एका गोमंतकीयाच्या हातून. वेयने ते पॅरिसहून आणले होते. 1923 मध्ये तिथल्या एकोल नॉर्मालमध्ये एका वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून नवख्या मुलांपुढे मुद्दाम अनाकलनीय व्याख्यान दिले होते आणि शेवटच्या प्रमेयाला एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच सेनापतीचे नाव देऊन टाकले होते. तेच हे बुर्बाकी. अलीगढच्या त्या थट्टेनंतर तीनच वर्षांनी या नावावर विसाव्या शतकातला गणिताचा एक अतिशय महत्त्वाकांक्षी ग्रंथप्रकल्प उभा राहायला सुरुवात झाली.

त्याचे कारण साधे होते. पहिल्या महायुद्धात एकोल नॉर्मालमधली एक अख्खी पिढी खंदकांत संपली. नव्या मुलांना शिकवायला उरले ते वृद्ध प्राध्यापक आणि त्यांची जुनी पुस्तके. स्ट्रासबुर्गला वेयबरोबर शिकवणारा आंरी कार्तां त्याला सतत विचारी, स्टोक्सचे सूत्र वर्गात नेमके कसे मांडावे? प्रश्नांना कंटाळून वेयने सुचवले की पाचसहा मित्रांनी एकत्र बसून हे एकदाचे लिहूनच काढावे. 10 डिसेंबर 1934 रोजी पॅरिसच्या कापुलाद या कॅफेत कार्तां, शेवाले, देलसार्त, द्यूदोने, द पोसेल आणि वेय जमले. बेत होता गणिती विश्लेषणाच्या हजारेक पानांच्या पाठ्यपुस्तकाचा. पण पाया नीट घालायचा म्हणून ते एकेक पायरी खाली उतरत गेले आणि थेट संच सिद्धांतापर्यंत पोचले. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या लेखकाला निकोला हे पाळण्यातले नावही दिले.

कामाची रीत विलक्षण होती. एखाद्या प्रकरणाचा कच्चा मसुदा एकजण लिही. मग सगळे खेड्यातल्या एखाद्या खाणावळीत आठवडाभर मुक्काम टाकत आणि तो मसुदा मोठ्याने, ओळीओळीने वाचला जाई. कोणीही कुठेही अडवावे, आवाज चढवावा, पान फाडावे. मग तोच विषय दुसऱ्याकडे जाई, पुढल्या बैठकीत त्याचीही तीच गत होई, की तिसऱ्याकडे. अंतिम मजकुराला एकूणएक सदस्याची संमती लागे आणि एकाचा नकारही पुरेसा असे. आर्माँ बोरेल पाव शतक या गटात होता. पहिल्या बैठकीतला आरडाओरडा ऐकून यातून पुस्तक कसे निघणार हे त्याला कळेना, असे त्याने पुढे लिहिले आहे. पुस्तक निघे, पण पहिल्या मसुद्यापासून छपाईपर्यंत आठ ते बारा वर्षे जात.

समाईक नावाकडे सहसा मुखवटा म्हणून पाहिले जाते. इथे मात्र ते कामाचे हत्यार होते. मसुद्यावर लिहिणाऱ्याचे नाव कधीच येणार नव्हते, म्हणून तो फाडताना कोणाचा हात अडखळला नाही. स्वतःच्या नावाच्या पुस्तकातले प्रकरण मित्राने चौथ्यांदा उडवून लावले, तर मैत्री टिकणे अवघड. बुर्बाकीचे प्रकरण उडाले, तर दुखावला जाणारा लेखकच जगात नव्हता.

या नावाने 1939 पासून जी पुस्तके आली त्यांचा आवाका डोळे दिपवणारा आहे. संच, बीजगणित, संस्थिती, वास्तव चलाची फले, सदिश अवकाश, संकलन, पुढे ली समूह, क्रमनिरपेक्ष बीजगणित आणि वर्णपट सिद्धांत. एवढ्या शाखांचे मूळ संशोधन पेलणारा एक माणूस तेव्हा सापडला नसता, पण पुस्तकांची भाषा मात्र पहिल्या पानापासून एकाच माणसाची वाटते. ली समूहांवरच्या ग्रंथाची 1968 मध्ये निघालेली चौथी ते सहावी प्रकरणे आजही त्या विषयातल्या संशोधकाच्या हाताशी असतात. गणिताच्या पुस्तकात रिक्त संचासाठी येणारी वर्तुळ आणि तिरक्या रेघेची खूण याच गटाने रूढ केली. ते अक्षर वेयने नॉर्वेजियन लिपीतून उचलले होते.

समाईक नावाखाली ग्रंथ साठण्याची दुसरी वाट आपल्याकडे जास्त मळलेली आहे. ती वाट कोसंबींनीच शास्त्रशुद्ध रीतीने मोजून काढली, हा योगायोग फार बोलका आहे. अलीगढ सोडून ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले. त्या काळात भांडारकर संस्थेत सुकथनकरांच्या देखरेखीखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती, म्हणजे व्यास या एका नावाखाली शतकानुशतके काय काय जमा झाले याचीच छाननी चालू होती. कोसंबींनी भर्तृहरी हाती घेतला. नीती, शृंगार आणि वैराग्य ही शतके मराठी वाचकाला वामन पंडितांमुळे ओळखीची आहेत. पण प्रांतोप्रांतीच्या पोथ्या समोर ठेवल्या, की श्लोकांची संख्याही जुळेना आणि क्रमही. शेकडो हस्तलिखिते ताडून 1948 मध्ये कोसंबींनी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा तीन शतकांतले सुमारे दोनशे श्लोकच सर्व परंपरांत भक्कम ठरले. बाकीचे कुठे संशयास्पद, तर कुठे एखाद्याच पोथीत डोकावणारे. चांगला श्लोक सुचला किंवा कानावर आला, की लेखनिकाने तो भर्तृहरीच्या पदरात टाकला. ते नाव कोणाला नाही म्हणत नव्हते.

म्हणजे मोठे नाव दोन प्रकारे समाईक होते. एक आलेले सगळे पोटात घेते, दुसरे आलेले बहुतेक परत पाठवते. पहिल्याचे वैभव मोठे आहे. त्याच्यामुळे कितीतरी अनाम कवींचे श्लोक वाचले आणि त्या कवींबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. पण त्या नावाला वचन देता येत नाही. बुर्बाकीला देता आले. या नावाखालचे विधान एका खोलीतल्या सगळ्यांनी तपासले आहे, असे ते वचन होते.

नकाराची किंमतही या नावाने मोजली. पानेच्या पाने आकृतीविना गेली. भौतिकशास्त्राला दार बंद राहिले. संकलनाचा सिद्धांत अशा चौकटीत मांडला गेला की संभाव्यतेवर काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडेना. 1969 च्या नवव्या प्रकरणात तो वाकवून घ्यावा लागला. सर्वात खोल मतभेद झाला तो पायावरच. 1950 च्या दशकात कॅटेगरीची नवी भाषा पुढे आली आणि सगळी मांडणी तिच्यावर उभारावी असा गटातल्या ग्रोतेंडीकचा आग्रह होता. तसे करायचे तर छापलेली पुस्तके मोडावी लागली असती. ते झाले नाही आणि 1960 च्या सुमारास ग्रोतेंडीक बाहेर पडला. एकमताने चालणारा गट लहान चुका अचूक पकडतो, पण दिशा बदलायची वेळ आली की तेच एकमत पायात बेडी होते.

गट म्हातारा होऊ नये याची काळजी मात्र त्यांनी घेतली. पन्नाशीला प्रत्येकाने निवृत्त व्हायचे, हा नियम संस्थापकांनाही लागू झाला. म्हणूनच बैजिक संस्थितीवरचा ग्रंथ 2016 मध्ये निघू शकला. तोवर पहिल्या सहापैकी एकही हयात नव्हता.

हे सगळे परवडले कोणाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 1935 साली कार्तां आणि वेय स्ट्रासबुर्गला, देलसार्त नान्सीला, असे हे तरुण विद्यापीठांत शिकवत होते आणि स्वतःच्या नावावर प्रत्येकाचे वेगळे संशोधन होते. वर्षानुवर्षांची मेहनत अनामिक ठेवायला त्यांना पोटाची भीती नव्हती. आज विज्ञान उलट टोकाला गेले आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या 2015 मधल्या शोधनिबंधाला 5,154 लेखक आहेत आणि त्याच्या 33 पानांपैकी 24 पाने लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीने भरली आहेत. ती यादी हास्यास्पद नाही. नाव सुटले तर नेमणूक सुटते, हे त्यातल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे. दुसरीकडे 2009 मध्ये टिमोथी गावर्सच्या पुढाकाराने अनेक गणितींनी खुल्या चर्चेतून एक अवघड प्रमेय सिद्ध केले आणि ते डी. एच. जे. पॉलिमथ या समाईक नावाने प्रसिद्ध केले. मार्ग अजून खुला आहे. त्यावर पक्क्या नोकरीतल्या ज्येष्ठांबरोबर नवख्यांनीही चालावे असे वाटत असेल, तर निवड समित्यांना अर्जातली नावे मोजणे सोडून, कोणी कोणता मसुदा लिहिला आणि कोणता फाडायला लावला, हे सहकाऱ्यांना विचारण्याची तसदी घ्यावी लागेल.