पात्रतेआधीची प्रीती

ख्रिस्ती धर्मविचारात देवाच्या प्रीतीचे स्वरूप ‘कृपा’ या संज्ञेने सांगितले जाते. माणसाचा ज्यावर हक्क नाही, जे पुण्याईच्या बळावर मिळवता येत नाही आणि तरीही देव जे आपणहून देतो, ते दान म्हणजे कृपा होय. माणसे पापी असतानाच ख्रिस्ताने त्यांच्यासाठी प्राण दिला, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. म्हणजेच ही प्रीती माणूस सुधारण्याची वाट पाहत नाही. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात मुलगा चाकर म्हणून तरी ठेवून घ्यावे अशी विनंती मनाशी ठरवून परततो. परंतु ती त्याच्या ओठांवर येण्याआधीच बाप त्याच्यासाठी उत्तम झगा, अंगठी आणि जोडा मागवतो.

प्रीती जर विनाअट असेल तर सदाचरणाला काय किंमत उरते, हा आक्षेप जुना आहे, आणि याच दृष्टांतातील, घरी राहून इमानाने राबलेल्या थोरल्या भावाची तक्रारही तीच आहे. त्याचे उत्तर अट आणि परिणाम यांतील भेदात सापडते: सदाचरण ही प्रीतीची अट नव्हे, तिचा परिणाम आहे. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा देताना येशू डोंगरावरील प्रवचनात देवाचाच दाखला देतो, कारण तो आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. तेव्हा ख्रिस्ती माणसाने सेवा करायची ती देवाची मर्जी संपादन करण्यासाठी नव्हे, तर ती आधीच लाभली आहे म्हणून.

हा विचार महाराष्ट्रात समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या जीवनात स्पष्टपणे प्रकट झाला. इंग्लंडमधील वाँटेज येथे 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी लंडनमधील फुलम येथे, समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा धर्मभगिनी कशी करतात हे त्यांनी पाहिले होते. या ममतेचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. यहुदी ज्या समाजाशी संबंध ठेवत नसत त्या समाजातील, पाच नवरे झालेल्या या स्त्रीकडे येशू विहिरीवर प्रथम पाणी मागतो. तिचे पूर्वायुष्य संभाषणात पुढे येते, पण ते तिला दूर लोटण्याचे कारण ठरत नाही. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असा निर्वाळा रमाबाईंनी पुढे स्वतःच दिला; तारण हे कमाई नसून दान आहे, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी झाली.

या जाणिवेला पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे प्रत्यक्ष रूप आले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. तेथील मुक्ती सदनात त्यांना आसऱ्याबरोबर अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले आणि अंध स्त्रियांनाही केडगावात शिक्षण मिळाले.

रमाबाईंच्या सेवाकार्यातून त्याआधीच एक कठीण प्रश्नही निर्माण झाला होता. त्यांनी आधी स्थापन केलेल्या शारदा सदन या संस्थेतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून 1893 मध्ये वाद विकोपाला गेला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे समाजसुधारक सल्लागार संस्थेपासून दूर झाले. या वादात बाजू कोणतीही घेतली, तरी कृपेच्या सिद्धान्तातून निघणारा दंडक ख्रिस्ती सेवेला टाळता येत नाही. आपल्या श्रद्धेचे मूळ लपवण्याचे सेवकाला कारण नाही. मात्र भाकरी, औषध किंवा शिक्षण यांची किंमत म्हणून श्रद्धा मागितली, तर देवाने न घातलेली अट माणूस घालतो आणि दानाचा सौदा होतो. म्हणून साहाय्य घेणाऱ्याने विश्वास नाकारला तरी ते पूर्ववत चालू राहते की नाही, हीच विनाअट प्रीतीची खरी कसोटी आहे, आणि ख्रिस्ती मंडळीने ती सर्वांत आधी आपल्याच सेवाकार्याला लावली पाहिजे.