गरजेपोटीं केलेली काटकसर हा सद्गुण आहे काय?

एखादी बाई घरांतील जुन्यापुराण्या चिंध्या जमवून त्यांची गोधडी शिवते, तेव्हां आपण तिच्या काटकसरीची वाखाणणी करितों. परंतु विचारी मनुष्य येथें एक शंका काढील. तो म्हणेल, "तिच्यापाशीं नवें कांबळें घेण्यास पैसा असता, तर तिनें चिंध्या जोडीत रात्री घालविल्या असत्या काय? जिला दुसरा मार्गच नव्हता तिनें एक मार्ग धरिला, यांत सद्गुण तो कोणता? उपाशी मनुष्याच्या उपासाला कोणी व्रत म्हणत नाहीं." ही शंका सहज उडवून लावण्यासारखी नाहीं. खेड्यांत राहणाऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांचें आयुष्य गरजेच्याच हुकुमानें चालतें. गरज जें करवून घेते त्यांत आपलें स्वतःचें असें कांहींच नसेल, तर गरिबाला सद्गुण आचरण्यास जागाच उरली नाहीं असें म्हणावें लागेल, आणि सद्गुण हा केवळ सुखवस्तु लोकांचा दागिना ठरेल. म्हणून एका साध्या वस्तूचें उदाहरण घेऊन हा प्रश्न नीट तपासून पाहूं.

ती वस्तु म्हणजे अमेरिकेंत शिवतात ती पट्ट्यांची गोधडी. तिला तिकडे स्ट्रिंग क्विल्ट म्हणतात. आपल्याकडे जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे मोठे पदर एकावर एक पसरून त्यांवर धांवदोरा घालितात, हें सर्वांस ठाऊक आहे. पट्ट्यांच्या गोधडीची रीत याहून निराळी आहे. कपडा बेतून झाल्यावर कडेला ज्या अरुंद फिती उरतात, कोठें बोटभर, कोठें दोन-तीन बोटें रुंद, ज्यांचें बाळाचें अंगडें तर राहोच पण साधा खिसाही होणार नाहीं, त्याच फिती येथें कामास येतात. 'स्ट्रिंग' म्हणजे दोरी. एवढ्या अरुंद चिंधीला दुसरें नांव तरी काय द्यावें?

कृति अशी आहे. प्रथम जुन्या वर्तमानपत्राचा किंवा झिजलेल्या कापडाचा वीतभर चौकोन कापतात. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पहिली पट्टी तिरपी, सुलट बाजू वर करून ठेवितात. दुसरी पट्टी तिजवर पालथी घालून, दोघींच्या कडा जुळवून, खालच्या कागदासकट शिवतात. मग ती उलगडून दाबतात, म्हणजे शिवण आंत झांकली जाते. तिला लागून तिसरी, तिसरीला लागून चौथी, असें करीत दोन्हीं बाजूंचे कोपरे भरले कीं बाहेर आलेलीं टोकें चौकोनाच्या मापानें कापून टाकितात. टांके बारीक घालितात, म्हणजे मागचा कागद शेवटीं सहज फाटून निघतो. असे चौकोन पुरेसे झाले म्हणजे ते एकमेकांस जोडितात, आणि चार चौकोनांच्या तिरप्या रेघा मिळून मध्यें शंकरपाळ्याचा आकार उमटतो. मग खालीं अस्तर, मध्यें कापसाचा थर व वर हा जोडलेला पदर, असे तीनही थर एकत्र शिवून गोधडी पुरी करितात. कागदाचें काम एवढेंच कीं, वेड्यावांकड्या चिंधीला शिवतांना ताण पडून तिनें सुरकुतूं नये. कांहीं काळ तिला आधार लागतो. आधार निघाल्यावर ती शेजारच्या पट्टीला धरून राहते.

चिंध्यांच्या अशा कामाबद्दल अमेरिकेंतील एक खेडें आज जगभर प्रसिद्ध आहे. अलाबामा संस्थानांत त्याच नांवाच्या नदीनें तीन बाजूंनीं वेढलेलें तें गांव. नांव जीज बेंड. तेथील रहिवासी काळ्या वर्णाचे. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते, आणि पेटवे नांवाच्या एका मळेवाल्याचें आडनांव गांवांतील पुष्कळ कुटुंबांत आजही चालतें. गुलामगिरी संपली तरी हे लोक पुष्कळ वर्षें दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राबत राहिले. उधारीवर माल देणारा एक व्यापारी वारल्यावर त्याच्या विधवेनें १९३२ सालीं कर्जवसुलीसाठीं साठेक कुटुंबांचीं जनावरें, अवजारें व सांठविलेलें धान्यसुद्धां उचलून नेलें. अशा घरांतून बायका फाटलेल्या कामाच्या कपड्यांच्या पट्ट्या काढीत व गोधड्या शिवीत. घराच्या भिंतींच्या फटींतून वारा येई, त्यासाठीं भिंतींना वर्तमानपत्राचे कागद डकवीत. तेव्हां गोधडी हा तेथें शौक नव्हता. ती मुलांना थंडींतून जगविणारी वस्तु होती.

आतां शंकाकाराचें म्हणणें या गांवाला लावून पाहूं. गरजेनें त्या बायांकडून गोधडी शिवून घेतली, हें खरें. पण गरज काय मागते? ती ऊब मागते. त्यापलीकडे कांहीं मागत नाहीं. चिंध्या कशाही, कोणत्याही क्रमानें जोडिल्या तरी ऊब तितकीच येते. लाल पट्टी पांढरीच्या शेजारीं ठेव, निळी दोन बोटें सरकव, उसवलेल्या खिशाखालची न विटलेली गडद खूण वर येऊं दे, असा हुकूम गरजेनें केव्हांही केलेला नाहीं. थंडीला रंग दिसत नाहीं. तरी त्या बायांनीं दिवसभराच्या कष्टानंतर बसून हें सर्व पाहिलें. १९४२ सालीं मिसूरी पेटवे या बाईनें आपला पति वारल्यावर त्याच्या शेतांत घालावयाच्या कपड्यांची गोधडी केली. पतीची आठवण राहावी व त्याच्या प्रेमाच्या पांघरुणाखालीं निजावें, अशी आईची इच्छा होती, असें तिच्या मुलीनें पुढें सांगितलें. त्या कपड्यांतून पांघरूण करणें ही गरज असेल. परंतु त्या पांघरुणाला प्रेमाची खूण करणें हें तिचें स्वतःचें होतें.

आपल्या जवळचेंही एक उदाहरण आहे. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकीं अनेकांचे पूर्वज आफ्रिकेंतून आणलेले गुलाम असून पोर्तुगीजांच्या काळीं गोव्याच्या मार्गानें या देशीं आले. त्यांच्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्हीं धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' नांवाची गोधडी शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या फेऱ्याफेऱ्यानें मध्याकडे येतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून लहान त्रिकोणी फुलें लावितात. या फुलांनीं ऊब वाढत नाहीं, कीं गोधडी अधिक टिकत नाहीं. परंतु फुलें नसतील तर ती गोधडी उघडी राहिली असें तेथें मानतात. गरजेनें मागितलें तेवढें देऊन झाल्यावरही काम अपुरें आहे, असें ज्या हाताला वाटतें तो हात गरजेचा दास नव्हे.

यावरून शंकेचें उत्तर मिळतें. काय सामान मिळावें हें गरज ठरविते. त्या सामानाशीं कसें वागावें हें मनुष्य ठरवितो. सद्गुण पहिल्या गोष्टींत शोधूं नये, दुसऱ्या गोष्टींत शोधावा. चिंध्या वापरिल्या एवढ्यावरून कोणी सद्गुणी ठरत नाहीं. चिंध्या उतावळेपणानें, वैतागून, शेजारणीच्या नव्या रगाचा हेवा करीत जोडितां येतात, आणि त्याच चिंध्या ममतेनें व नीटनेटकेपणानेंही जोडितां येतात. या दोन गोधड्यांमध्यें जें अंतर आहे तेवढी जागा अत्यंत गरीब मनुष्यालाही मोकळी आहे, आणि तेवढ्या जागेंत तो श्रीमंताइतकाच स्वतंत्र आहे.

परंतु एवढ्यावर थांबलों तर आपण मोठा अन्याय करूं. गरिबाच्या काटकसरीची स्तुति करतां करतां त्याच्या गरिबीविषयीं निश्चिंत होणें, हा मोह फार सूक्ष्म आहे. ज्याची पेटी भरलेली आहे त्यानें रिकाम्या पेटीवाल्यास काटकसरीचा उपदेश करावा, हें शोभत नाहीं. जीज बेंडच्या बायांची काटकसर सर्व गांवकऱ्यांस ठाऊक होती, तरी १९३२ सालीं तिच्यामुळें एकही बैल परत आला नाहीं. त्या लोकांचें पाऊल पुढें पडलें तें पुढील वर्षांत सरकारनें जमीन घेऊन ती त्यांस कर्जानें विकत घेण्याची सोय केली तेव्हां. मतदानाचा हक्क मागूं लागल्यावर १९६२ सालीं त्यांची नदीवरील नाव बंद झाली, आणि समोरच्या तीरावरील तालुक्याच्या गांवीं जाण्यास सुमारें ४० मैलांचा वळसा पडूं लागला. ती नाव पुनः सुरू होण्यास २००६ साल उजाडलें. गोधडी कितीही सुंदर असली तरी तिनें नदी उतरतां येत नाहीं. काटकसर हा सद्गुण आहे, पण तो अन्यायावरचा इलाज नव्हे. म्हणून १९६६ सालीं फ्रान्सिस वॉल्टर या पाळकाच्या साह्यानें त्या भागांतील बायांनीं फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली व आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळविण्यास आरंभ केला, ही गोष्ट गोधडी शिवण्याइतकीच आदरास पात्र आहे.

दानाविषयींही येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. आपल्याला नको झालेली चिंधी गरिबाच्या दारीं टाकणें वेगळें, आणि त्याच चिंधीवर आपले चार दिवस खर्चून तिचें पांघरूण करून देणें वेगळें. पहिलीमुळें देणाऱ्याची अडगळ कमी होते. दुसरींत देणारा स्वतःचें कांहीं देतो. यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती मेली तेव्हां विधवा रडत होत्या, आणि तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें त्यांनीं पेत्राला दाखविलीं. तीं वस्त्रें तिच्या हातचीं होतीं, म्हणूनच तीं दाखविण्याजोगीं होतीं.

२००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील मोठ्या कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर टांगिल्या गेल्या, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्यांचीं चित्रें तिकिटांवर छापिलीं. हें योग्यच झालें. परंतु त्यांची किंमत त्या दिवशीं उत्पन्न झाली असें कोणी समजूं नये. मुलें त्यांखालीं निजत होतीं, त्या रात्रींही त्या तितक्याच मोलाच्या होत्या. पाहणारे मात्र नव्हते.

वाचकहो, आपल्या घरोघरीं अशी एखादी गोधडी असेल. पाहुणा आला म्हणजे ती लपवून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. लाज कोणाची वाटावी? जोडलेल्या चिंध्यांची लाज नाहीं; निष्काळजीपणें जोडिल्या असतील तर तेवढीच. उपदेशकांनीं काटकसरीवर बोलतांना आधीं हें विचारावें कीं, ऐकणाराच्या घरीं काटण्यासारखें कांहीं उरलें आहे काय. आणि नसेल तर उपदेश बाजूला ठेवून त्याचें कर्ज, त्याची मजुरी व त्याची वाट यांकडे पाहावें. आणि ज्यांच्या वांट्याला अरुंद पट्ट्याच आल्या आहेत त्यांनीं हें जाणावें कीं, पट्टीची रुंदी आपल्या हातीं नसली तरी शिवण सरळ घालणें आपल्या हातीं आहे.