बरं वाटणं आणि बरं होणं

माझ्या आत्याला दमा आहे. तिच्या पर्समध्ये दोन वस्तू कायम असायच्या. एक, डॉक्टरांनी दिलेला पंप. दुसरी, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची छोटी बाटली. पंप ती चारचौघांत कधी काढायची नाही. गोळ्या मात्र सगळ्यांसमोर जिभेवर ठेवायची, आणि वर शेजारच्या बाईला त्या डॉक्टरांचा पत्ताही द्यायची.

यामागे कारण होतं. पंप देणाऱ्या डॉक्टरांकडे दीड तास नंबर लावून तिला तीन मिनिटं मिळाली होती. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तासभर दिला. थंडी सोसते का, गोड आवडतं की आंबट, झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, भीती कशाची वाटते. काका गेल्यापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. घरी आली ती वेगळीच आत्या होती. जिना चढताना अजूनही मध्ये थांबायची, पण म्हणायची, "आता खूप बरं वाटतंय गं."

चार महिन्यांनी तिने रोजचा पंप बंद केला. 'पंपाची सवय लागते' हे तिला सगळ्या नातेवाइकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला हे कळलं होतं. त्या गोळ्यांमध्ये काय असतं आणि काय नसतं, हेही मी वाचलेलं होतं. मी गप्प बसले, कारण ती आनंदात होती.

दिवाळीनंतर एका रात्री दोन वाजता तिला वाक्य पूर्ण करता येईना. रिक्षा, हॉस्पिटल, ऑक्सिजन. वाचली. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "त्या डॉक्टरांना काही बोलू नकोस हं. मला नीट विचारणारे ते एकटेच." पंप बंद करा, असं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. चालू ठेवा, असंही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. एखाद्याला खोट्या गोष्टीने बरं वाटत असेल, तर ती खोटी आहे हे त्याला सांगावं का?

'सोबत' आणि 'ऐवजी'

आधी दोन शब्द वेगळे करूया. पूरक उपचार म्हणजे मुख्य उपचारांच्या सोबत केलेले: केमोथेरपी चालू असताना केलेला योग, किंवा फिजिओथेरपीसोबत केलेलं तेलाचं मालिश. पर्यायी उपचार म्हणजे मुख्य उपचारांच्या ऐवजी केलेले. पद्धत तीच असू शकते, आणि गोळीसुद्धा तीच. आत्याची बाटली पहिले चार महिने पूरक होती. पंप बंद झाला त्या दिवशी ती पर्यायी झाली. बाटलीत काहीच बदललं नव्हतं.

आपल्याकडे 'पर्यायी' हा शब्द तसा अवघडच आहे. आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांसाठी २०१४ सालापासून केंद्रात स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. यांच्या पदव्या आहेत, कॉलेजं आहेत. त्यामुळे लोक या सगळ्याला एकाच पिशवीत टाकतात आणि वर 'आपलं, जुनं, नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावतात. होमिओपॅथी मात्र आपली नाही आणि फार जुनीही नाही. ती जर्मनीची. सॅम्युअल हानेमान यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ १८१० सालचा. त्या काळातले बाकीचे डॉक्टर रोग्याचं रक्त काढत आणि त्याला पारा पाजत. त्यांच्या तुलनेत काहीही अपाय न करणारे हानेमान रोग्याला नक्कीच परवडत असणार.

होमिओपॅथीतलं औषध एकास शंभर असं पुन्हा पुन्हा पातळ करत नेतात. बाटलीवर '३० सी' असेल तर हे तीस वेळा केलेलं असतं, म्हणजे एकावर साठ शून्यं इतक्या पटीने. साधारण बाराव्या वेळेच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. उरते ती साखर.

जुनं की तपासलेलं?

म्हणजे जे पाश्चात्त्य तेच खरं, असं म्हणायचंय का? नाही. सर्पगंधेचं उदाहरण घ्या. ही मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर उपयोगी असल्याचं लिहिलं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांवर पद्धतशीर वापरून पाहिली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाने तिची दखल घेतली. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं.

गोष्ट इथे संपत नाही. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येतं असं डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्याहून चांगली औषधं निघाली, आणि ते मागे पडलं. ज्या तपासणीने सर्पगंधेला मान दिला, तिनेच तिला बाजूलाही केलं. मला यात परंपरेचा अपमान दिसत नाही. एखाद्या वैद्याचं म्हणणं खरंच मनावर घेतलं, तर ते तपासून बघावंच लागतं. न तपासता नुसती पूजा करणं म्हणजे ते म्हणणं मनावर न घेणंच.

दम्याचा प्रयोग

आपण आजारी माणसाला विचारतो, "बरं वाटतंय का?" डॉक्टरला विचारतो, "बरं होईल ना?" मराठीने हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत. आपण मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावून टाकतो.

२०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दम्याच्या रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकूण ३९ जणांनी तो पूर्ण केला. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी दिल्या गेल्या: कधी खरा पंप, कधी औषध नसलेला पंप, कधी ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्याचं नाटक, आणि कधी काहीच नाही. मग विचारलं, किती बरं वाटतंय? खऱ्या पंपानंतर रुग्णांनी सरासरी ५० टक्के सुधारणा सांगितली, खोट्या पंपानंतर ४५ आणि खोट्या सुयांनंतर ४६ टक्के. काहीच न केल्यावर २१. म्हणजे खरं आणि खोटं जवळजवळ सारखंच.

नंतर यंत्रावर फुंकर मारायला लावून श्वास मोजला. खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारणा. बाकी तिन्हींमध्ये सुमारे ७ टक्के, म्हणजे खोटा पंप आणि नुसतं बसून राहणं यांत फरक नाही.

हा प्रयोग वाचताना मला आत्याचा जिना आठवला. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं. तिच्या फुप्फुसांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

मग बरं वाटण्याला किंमत नाही का?

आहे, आणि मोठी आहे. पाठ दुखते, मळमळतं, झोप लागत नाही, अशा कितीतरी तक्रारींत वाटणं हाच आजाराचा मोठा भाग असतो. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याच्यासाठी तर बरं वाटणं हाच उपचार. तिथे मालिश, प्राणायाम, शेजारी बसून कुणी ऐकणं, यांना 'फक्त मनाचे खेळ' म्हणणारा माणूस कधी आजारी पडलेला नसावा.

पण त्यासाठी खोटं बोलावं लागतं का? हार्वर्डमधल्या टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या ८० जणांवर एक वेगळाच प्रयोग केला. अर्ध्या लोकांना गोळ्या देताना स्पष्ट सांगितलं, की यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनीही काहींना आराम पडतो. तीन आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण 'रोग्याच्या भल्यासाठी' म्हणून बोललेलं खोटं आपण समजतो तितकं गरजेचं नसतं, एवढा संशय घ्यायला तो पुरेसा आहे.

'ज्याचं शरीर, त्याचा निर्णय,' असं आपल्या पिढीला मनापासून वाटतं. मलाही वाटतं. पण माहिती लपवून घ्यायला लावलेला निर्णय त्या माणसाचा कसा? 'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य घ्या. ते गोळीबद्दल खरं असतं. गोळीपायी जे घेतलं नाही, त्याचा साइड इफेक्ट त्यात धरलेला नसतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी कर्करोगावर फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली छापला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट होता.

माझ्या गप्प बसण्याला मी तेव्हा आदर समजत होते. आज वाटतं, ती निम्मी भीती होती आणि निम्मा आळस. सांगायचं तर बसावं लागलं असतं, तिचं ऐकावं लागलं असतं, तासभर तरी. तो तास तिला घरातल्या कुणी दिला नाही, म्हणून ती तो बाहेर शोधत गेली. त्या डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी हे मला कबूल करावं लागतं.

गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा आत्याने विचारलं, "खरं सांग, या गोळ्यांत काही असतं का गं?"

"साखर असते," मी म्हटलं. "खायच्या तर खा. पंप मात्र सोडायचा नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग पर्समधून पंप काढून माझ्यासमोरच घेतला, चूळ भरून आली आणि म्हणाली, "बस आता. मला काल काय स्वप्न पडलं सांगते."