वर्गणी

५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश यांची घराच्या दारात गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर म्हैसूरमध्ये ‘नानू गौरी’, म्हणजे ‘मी गौरी’, असा फलक धरून मीही उभी होते. घरी परतल्यावर मात्र टोचणी लागली : त्यांच्या साप्ताहिकाचा एकही अंक मी कधी विकत घेतला नव्हता. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे भाषेची सबबही नव्हती.

ते साप्ताहिक जाहिराती घेत नसे. ही रीत वडिलांची. बोदलेअरला कन्नडमध्ये आणणाऱ्या पी. लंकेश यांनी १९८० साली ‘लंकेश पत्रिके’ काढलं, ते वाचकांच्याच पैशावर चाललं. मराठीत बाबासाहेबांचं ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघालं आणि १९२९ साली पैशाअभावी बंद पडलं. त्यांच्याविषयी आदर होता, वर्गणीदार पुरेसे नव्हते.

पण पैसे दिले की ऋण फिटतं का? जाहिरातदाराच्या रिकाम्या खुर्चीत वाचकही बसू शकतो. ‘माझे पैसे, तर माझ्या मनासारखं लिहा’ म्हणू शकतो. अनुवादात मूळ लेखकाचं न पटणारं वाक्य मी गाळत नाही. मग वर्गणी फक्त पटणाऱ्या मजकुराचीच कशी द्यायची?

आता घरी एक छोटं कन्नड साप्ताहिक येतं. गेल्या महिन्यात त्यातला एक लेख वाचून मी चिडले. वर्गणीची मुदत संपत आली होती. दोन दिवस थांबले, आणि भरली.