सुटले की सोडले?

गेल्या आठवड्यात भाषांतराच्या सेवेत एक साधे वाक्य आले. साधनेत 'लॅप्स' झाला तर साधकाने काय करावे, असा त्याचा आशय होता. त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ अडलो.

वाणिज्य शाखेत शिकत असल्याने हा शब्द माझ्या ओळखीचा. हप्ता थकला की विमा पॉलिसी लॅप्स होते. पण विसर पडणे, काळ लोटणे, हातून चूक होणे, शीलापासून ढळणे, यांनाही इंग्रजीत हाच शब्द चालतो. त्याचे लॅटिन मूळ 'घसरणे' या अर्थाचे आहे. घसरणे आपोआप घडते. त्यात करणारा कोणी दिसत नाही.

मी राहतो झाशीत. इथे या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. २० नोव्हेंबर १८५३ रोजी महाराज गंगाधरराव नेवाळकरांनी इंग्रज अधिकाऱ्यांसमोर आनंदरावास दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी महाराज गेले. पुढे लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये झाशी कंपनीच्या ताब्यात गेली. साताऱ्याचे १८४८ मध्ये तेच झाले होते. इंग्रजांच्या भाषेत राज्य 'लॅप्स' झाले, जणू मुदत संपून पॉलिसी बंद पडली! मराठीत आपण म्हणतो, राज्य खालसा केले. 'केले' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न विचारता येतो.

डलहौसीला दोष देणे सोपे आहे. पण मी काय करतो? परीक्षेच्या दिवसांत माझी पहाटेची उपासना बंद पडली. कोणी विचारले की मी सांगतो, "सुटली." आजारपणात, घरच्या संकटात उपासना खरोखर सुटते; तिथे स्वतःला बोल लावू नये. माझे तसे नव्हते. रात्री तासभर मोबाइल पाहायला मला वेळ होता.

बंद पडलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत पुन्हा सुरू करता येते. थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात, पण आधी हप्ता थकवला हे मान्य करून अर्ज करावा लागतो. साधनेचेही तसेच असावे. 'सुटली' म्हणणारा ती परत येण्याची वाट पाहतो. 'सोडली' म्हणणारा उद्या पहाटे उठू शकतो.

लेखकाचा शब्द बदलण्याचा अधिकार मला नाही. म्हणून भाषांतरात मी 'साधनेत खंड पडला तर' असेच लिहिले. माझ्या वहीत मात्र लिहिले, 'मी सोडली', आणि खाली उद्याची वेळ घातली.