हिशेब कुणाला द्यायचा?

आष्ट्याहून वारणेच्या अंगाला निघालात की दुधगाव फार लांब नाही. १९१०च्या सुमारास तिथे काही तरुणांनी शिक्षण मंडळ काढून मुलांसाठी वसतिगृह चालवले. त्यांत ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील होते. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला गेली, आणि आज तिच्या सातशेवर शाखा आहेत. आपल्या भागात संस्था म्हटले की आधी माणूस आठवतो, तो त्यामुळेच. संस्था कुणाची? अण्णांची, म्हणजे भाऊरावांची.

या उत्तरात अभिमान आहे, तसा धोकाही आहे. वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले, ही हकिगत आपण डोळे पुसत सांगतो. सांगावीच. पण कारभाराच्या नजरेने पाहिले तर तिचा अर्थ असा, की संस्थेजवळ राखीव निधी नव्हता; होता तो चालकाच्या बायकोच्या गळ्यात. अशी संस्था एका कुटुंबाच्या त्यागावर किती वर्षे चालणार? १९३५ मध्ये रयतची रीतसर नोंदणी झाली. घटना, मॅनेजिंग कौन्सिल, आजीव सदस्य अशी घडी बसत गेली. भाऊराव १९५९ मध्ये गेले आणि संस्था वाढतच राहिली, याचे श्रेय मी त्यांच्या त्यागाइतकेच या रुक्ष घडीला देतो.

आजीव सदस्यांची रीत त्याआधी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पाडली होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेतून सहाच वर्षांत टिळक बाहेर पडले. वादात एक मुद्दा होता सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, हा. मोठी माणसे जमली म्हणून कारभार आपोआप नीट चालत नाही, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले.

रयतच्या सुरुवातीच्या काळात मुष्टिफंड होता. घरची बाई दळण-कांडणातून मूठभर धान्य बाजूला काढी. ते कुठे शिजते, कुठल्या जातीची पोरे एका पंगतीत बसून ते खातात, हे गाव पाहत असे. हिशेब तपासणारे गावच होते. सरकारी अनुदान आले तसा हिशेबही तिकडे वळला. १९४८ मध्ये भाऊरावांनी सरकारवर टीका केली तेव्हा रयतचे अनुदान काही काळ थांबले. पैसा देणारा हात बदलला की जाब विचारणाराही बदलतो. १९५०च्या विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्त, दरवर्षीचे ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज हे सगळे आणले. कायदा चांगला आहे. पण वडील अध्यक्ष, मुलगा सचिव, सून खजिनदार हेही त्यात नेमके बसते.

मग ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आली. राज्यभर एकाच वेळी शाळांत शिरून मुले मोजली, बोटाला शाई लावली, आणि लाखो विद्यार्थी फक्त हजेरीपटावर असल्याचे निघाले. त्या शाळांचेही ऑडिट होतच होते! त्यानंतर विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली, आधार जोडणी आली. आता आयकर खात्याला देणगीदारांची यादीही ऑनलाइन द्यावी लागते. खोटा पट लावणे यंत्राने अवघड केले, हे मान्यच करायला हवे. पण यंत्र विचारलेले तेवढेच मोजते. मूल वाचू लागले का, हे त्या रकान्यात नसते. छोट्या संस्थांत तर पोर्टलचा पासवर्ड सीएच्या ऑफिसात असतो आणि अध्यक्षांनी ते पान कधी उघडलेलेही नसते. अशा ठिकाणी पोर्टलने कारभार सुधारत नाही, फक्त फॉर्म वेळेवर भरला जातो.

उलट हेच तंत्र गावाकडे वळवता येईल. आष्ट्यात १९९९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना आसपासच्या वाचनालयांचे, वसतिगृहांचे ताळेबंद मोबाईलवर वाचता येतील असे मांडून देणे जड नाही. जड आहे ते अध्यक्षांनी ‘मांडा’ म्हणणे. नेतृत्वाची कसोटी मला आता एवढीच वाटते.

तुम्ही परिसरातल्या कुठल्याही संस्थेचे सभासद असाल, तर यंदाच्या सर्वसाधारण सभेला जा, ताळेबंद मागून घ्या आणि सध्याचे विश्वस्त कोण आहेत ते उभे राहून विचारा.