सुप्याचं घर

"आई, सुपा बुडालं." रामनगरच्या एका पडवीत हे वाक्य मी एकाच दुपारी तीनदा ऐकलं. मित्राची ऐंशी ओलांडलेली आई दाराकडे बघत म्हणायची, "चल, घरी जाऊया. दिवेलागणीच्या आत पोचायला हवं." आणि तो, अजिबात न चिडता, सांगायचा, "आई, सुपा बुडालं. धरण झालं. आता हेच आपलं घर." दर वेळी तिचा चेहरा नव्यानं उतरायचा. दहा मिनिटांत ती बातमी विसरून जायची. उतरलेला चेहरा मात्र तसाच राहायचा.

निघताना मी त्याच्याशी भांडलो. ते भांडण अजून माझ्या मनात चालूच आहे.

काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा हे कर्नाटकातलं तालुक्याचं गाव होतं. गणेशगुडीला काळीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ साली ते पुरं झालं. गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि कित्येक कुटुंबं रामनगरला. मित्राच्या आई, म्हणजे काकू, तेव्हा चाळिशीत होत्या.

अल्झायमर म्हणजे म्हातारचळ नव्हे, हे आता सांगायला नको. थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो, म्हणून आधी तपासणी, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. काकूंची तपासणी झाली होती; निदान अल्झायमरचंच होतं. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं ऑगस्टे डेटर या आपल्या रुग्णाच्या मेंदूत जे पाहिलं, तेच अशा मेंदूत घडत असतं: पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. हा गुंता बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागात लवकर सुरू होतो. आज सकाळी काय घडलं हे टिपून ठेवायचं काम तिथलं. म्हणून आजची सकाळ जाते आणि पन्नास वर्षांपूर्वीची राहते.

मला नेहमी वाटतं, लक्षात ठेवलेलं वेगळं आणि अंगात मुरलेलं वेगळं. काकूंना जेवण झालं की नाही ते सांगता येत नव्हतं, पण सुपात तांदूळ दिले की हात चुकत नसत. पाखडताना मनगटाला दिलेला तो झटका, कोंडा पुढं आणि दाणा मागं. हे वळण मेंदूतल्या दुसऱ्याच भागांच्या ताब्यात असतं आणि आजार तिथं उशिरा पोचतो. दुःखाचंही काहीसं असंच. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काय पाहिलं हे रुग्णांना आठवेना, पण त्यानं आलेली उदासी टिकून होती. दुःख अंगात राहिलं, त्याचं कारण लक्षातून गेलं.

माझ्या भांडणाचा आधार हाच. खरं सांगायचं ते समोरच्याला कळावं म्हणून. इथं खरं ठेवायची जागाच झिजलेली. मग सांगून उरतो तो नुसता घाव. "उद्या जाऊ म्हण," मी म्हटलं. तो म्हणाला, "खोटं बोललो म्हणून जिनं मला एक दिवस उपाशी ठेवलं, तिलाच आता खोटं सांगून गुंडाळू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मी बोलतच राहिलो.

इथं थोडं भाषांविषयी विषयांतर करतो, कारण या तालुक्याची ती श्रीमंती आहे. काकूंची घरची भाषा मराठी, बाजारची कोकणी, कचेरीतली कानडी. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. कधी शाळेत न गेलेल्यांतही. भाषा आजार थांबवत नाहीत. पण साडेचार वर्षं म्हणजे नातवंडांना ओळखण्याची, चूल सांभाळण्याची साडेचार वर्षं. कोणती भाषा कुणाची यावर आपण या सीमेवर किती रक्त आटवलं! काकूंनी तिन्ही वापरल्या.

मला आधी एक उपमा सुचली होती: धरणाचं पाणी सखल भागात आधी शिरतं, तसा हा आजार. मी ती सोडली. आजार कुणी ठरवून आणत नाही. सुप्यावरचं पाणी माणसांनी ठरवून आणलं होतं. ही दोन दुःखं एकमेकांत कालवली की एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या खात्यावर जातं. आणि इथंच माझा पाय अडकला. स्वतःच्या घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणणारे रुग्ण जगभर आहेत. ते आजाराचं लक्षण म्हणून नोंदलं जातं. पण काकूंचं घर खरोखरच गेलेलं आहे. हे वाक्य त्यांनी धरण झालं त्या वर्षी उच्चारलं असतं, तर त्याला लक्षण कोण म्हणालं असतं?

मी "उद्या जाऊ"ची वकिली करायला निघालो होतो, ती आता करवत नाही. तेही तोंड बंद करणंच आहे, फक्त गोड शब्दांत. खोटं नको, हे मित्राचं बरोबर होतं. त्याची चूक एवढीच की आईच्या बोलण्याला त्यानं प्रश्न समजून उत्तर दिलं. आणि एक गोष्ट उशिरा ध्यानात आली: इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून सुप्याविषयी "बुडालं" याखेरीज एक शब्द ऐकला नव्हता.

पुढच्या खेपेला काकू पाखडत होत्या. "चल, घरी जाऊया," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, संगमावरनं बाजारात यायचं, तर वाटेत कुणाकुणाची घरं?"

हात थांबला नाही. पहिलं घर सांगितलं, दुसरं सांगितलं, मग अडखळल्या. "तिसरं... तिसरं..."

"कासाराचं," मित्र आतून म्हणाला. मग तो पडवीत येऊन उभा राहिला. "आणि त्याच्या पुढं पिंपळ."

"पिंपळ न्हवे रे," काकू म्हणाल्या, "चिंच. पिंपळ देवळाकडं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "हो," म्हणाला, "चिंचच."